खाल्ले किती आणि अंगी लागले किती?

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या जळगाव जामोद येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाने यंदाच्या संमेलनात मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. मी वक्ता नव्हे. औषधनिर्माणशास्त्राचा एक शिक्षक म्हणून माझे आयुष्य फळा, खडू आणि प्रयोगशाळा यांतच गेले. तेव्हा मजकडून वक्तृत्वाची अपेक्षा न करता, घरातील वडीलधारा मनुष्य ओसरीवर बसून चार हिताच्या गोष्टी सांगतो, त्याच भावनेने हे बोलणे गोड मानून घ्यावे, अशी प्रारंभीच विनंती करतो.

आपल्या तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात, त्याभोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्थिती पाहून वर्षाचे पीकपाणी वर्तवितात. त्या भाकितावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मला मात्र ती गहू, ज्वारी, तूर, हरभरा, तीळ, जवस अशी धान्ये एका गोलात पाहिली की दुसराच प्रश्न सुचतो. शेतात किती पिकेल याची आपण चिंता वाहतो. घरात किती आले याचा हिशेब ठेवतो. परंतु पानात वाढलेल्या अन्नाचा किती अंश आपल्या रक्तापर्यंत पोहोचला, याचा विचार आपल्यापैकी कितीजण करतात?

आपल्या आजी-पणजी हा प्रश्न फार सोप्या शब्दांत विचारीत असत. एखादे पोर भरपूर जेवूनही वाळलेले दिसले, की त्या म्हणत, 'खातो पुष्कळ, पण अंगी लागत नाही.' हे जे 'अंगी लागणे', त्यालाच आजचे शास्त्र जैवउपलब्धता असे भारदस्त नाव देते. वनस्पतीत एखादे द्रव्य असणे ही एक गोष्ट, आणि ते आतड्याची भिंत ओलांडून, यकृताच्या तडाख्यातून वाचून शरीराच्या कामी येणे ही अगदी निराळी गोष्ट होय. या दोहोंमधील अंतर दोन कारणांनी कमी-अधिक होते. पहिले, ते द्रव्य कशाबरोबर खाल्ले. आणि दुसरे, ते कोणत्या स्वरूपात तयार करून घेतले. आजच्या माझ्या बोलण्याचे सार इतकेच आहे.

हा विषय मी का निवडला, हे सांगताना मला थोडा संकोच होतो, कारण त्यात माझ्याच चुकीची कबुली आहे. माझ्या धाकट्या सुनेस पहिल्या खेपेस दिवस राहिले, तेव्हा तपासणीत तिचे हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघाले. लोहाच्या लाल गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तो आकडा जवळजवळ जागच्या जागीच! घरात कुजबुज सुरू झाली. मुलगी आळशी आहे, गोळ्या घेत नसेल, फेकून देत असेल, असे आमच्याच घरातील थोरामोठ्यांच्या तोंडून निघू लागले. त्या बिचारीने रिकामी झालेली सारी पाकिटे आणून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, 'मामाजी, एक दिवसही चुकविला नाही मी.' तिच्या डोळ्यांत पाणी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने लोहाची गोळी घेतली, विसरू नये म्हणून तिच्याच जोडीला कॅल्शियमची गोळी घेतली, आणि दोन्ही गोळ्या कपभर कडक चहाबरोबर गिळल्या. आता हा चहा तिला रोज सकाळी कोण करून देत असे? मीच! सून अवघडलेली आहे, तिला तेवढाच विसावा, म्हणून. चहातील टॅनिन लोहास जखडून टाकते आणि कॅल्शियम त्याची आत जाण्याची वाट अडविते, हे ज्याने तीस वर्षे वर्गात शिकविले, त्याच्याच हातच्या चहाने त्याच्याच घरातील औषध वाया जात होते, आणि दोष मात्र परघरून आलेल्या लेकीच्या माथी येत होता.

डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही वेळा बदलल्या. लोहाची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा तिच्यापासून दोन तास दूर, आणि कॅल्शियम रात्री. पुढील तपासणीत आकडा वर सरकला आणि यथाकाळ सून सुखरूप बाळंत झाली. एका घरच्या अनुभवाने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. परंतु हे शास्त्र त्यापूर्वीच सिद्ध झालेले होते. आमच्या घरात तेवढे पोहोचले नव्हते.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न एका घराचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आपल्या महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिकच होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. परंतु लोहाची उणीव हे त्यांतील एक मोठे कारण होय. आणि आपण तर ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्या खाणारी माणसे! लोह आपल्या पानात नाही असे नाही. मग ते जाते कोठे?

याचे उत्तर असे की, वनस्पतीतील लोहाचा स्वभाव मोठा भिडस्त आहे. मांसातील लोहाचा बराच भाग शरीर सहज उचलते. वनस्पतीतील लोहापैकी साधारणतः शेकडा २ ते २० एवढाच अंश आत घेतला जातो, आणि धान्यप्रधान जेवणात तर तो या मर्यादेच्या खालच्या टोकासच असतो. धान्याच्या कोंड्यात आणि डाळींत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोहास आणि जस्तास घट्ट धरून ठेवते. त्यात जेवणावर चहा झाला, तर आणखीच भर. अमेरिकेत १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोहाचे शोषण शेकडा ६४ ने आणि कॉफी घेतल्याने शेकडा ३९ ने घटल्याचे दिसून आले. 'पान उचलले की चहा' ही आपल्याकडील आतिथ्याची रीत किती महाग पडते, याचा यावरून अंदाज यावा.

परंतु जसा शत्रू आहे, तसा मित्रही आहे. तो म्हणजे आंबट फळांतील क जीवनसत्त्व. ते लोहाचे रूप पालटून त्यास विरघळते ठेवते आणि फायटेटच्या मिठीतून सोडविते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, किशोरवयीन मुलामुलींच्या नेहमीच्या भाताच्या जेवणासोबत पेरू दिला असता लोहाचे शोषण सुमारे दुप्पट झाले. जेवण तेच, भात तोच. सोबत फक्त एक पेरू! म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत असेही दिसून आले आहे की, कांदा आणि लसूण यांच्या संगतीने धान्य व डाळींतील लोह आणि जस्त पचनानंतर अधिक प्रमाणात मोकळे होते. हे प्रयोग प्रयोगशाळेतील कृत्रिम पचनावर झाले आहेत, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तरीही भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणाचा ठेचा खाणारा आपला वऱ्हाडी शेतकरी अगदीच अडाणी नव्हता, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या जुन्या पंगतीची मांडणी आठवा. प्रथम मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, आणि नंतर बाकीचे अन्न. ती फोड शोभेची नव्हती. मात्र एक खबरदारी हवी. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते. म्हणून लिंबू वरणाच्या उकळीत न पिळता पानात वाढल्यावर पिळावे. मूग, मटकी भिजवून मोड आणण्याने, आणि पीठ आंबवून अंबील करण्याने फायटेट कमी होते. ज्या गृहिणी या गोष्टी करीत आल्या, त्या नकळत रसायनशास्त्रच आचरीत होत्या. लोखंडाच्या कढईचेही तसेच. इथिओपियातील मुलांवर केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोखंडी भांड्यात शिजविलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढले. अंबाडीची आंबट भाजी लोखंडी कढईत काळपट पडते, म्हणून आपण ती कढई टाकून दिली. परंतु तो काळेपणा म्हणजे बव्हंशी भाजीत उतरलेले लोहच होते!

आता लोहाकडून रंगाकडे वळू. गाजर, भोपळा, पालक, मेथी यांत कॅरोटीन असते. शरीर त्यापासून दृष्टीस आवश्यक असे अ जीवनसत्त्व बनविते. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून नुसती उकडलेली, तेलाचा थेंबही नसलेली भाजी आरोग्यदायी समजून खाणाऱ्यांचा येथे तोटा होतो. त्याहून उद्बोधक उदाहरण इंडोनेशियातील आहे. तेथील पश्चिम जावामधील स्तनदा मातांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही मातांना १२ आठवडे हिरव्या पालेभाज्या दिल्या आणि काहींना जवळजवळ तितकेच कॅरोटीन घातलेली स्निग्ध बिस्किटे दिली. बिस्किटे खाणाऱ्या मातांचे अ जीवनसत्त्व वाढले. भाज्या खाणाऱ्यांचे वाढले नाही. द्रव्य एकच, मात्रा सारखी. परंतु पानाच्या पेशीत कोंडलेले कॅरोटीन आणि स्निग्धात मोकळे केलेले कॅरोटीन यांत एवढे अंतर पडले. यावरून पालेभाजी निरुपयोगी ठरत नाही. तर ती बारीक चिरावी, नीट शिजवावी आणि तिला तेलाची फोडणी असावी, एवढेच ठरते. टोमॅटोच्या लाल रंगाचेही असेच आहे. जर्मनीत १९९२ मध्ये दाखवून देण्यात आले की, टोमॅटोचा रस थोड्या तेलासह उकळून घेतला असता त्यातील लायकोपीन रक्तात वाढते. न उकळलेल्या रसाने तसे होत नाही. कच्चे ते सारे उत्तम, हा समज म्हणूनच तपासून घेतला पाहिजे.

आणि आता, आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या हळदीकडे येतो. लग्नात हळद, जखमेवर हळद, खोकल्याला हळदीचे दूध! आपल्या विदर्भात वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद तर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे एकस्व देण्यात आले, तेव्हा गोमंतकाचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. हळद आपली आहे, हे आपण जगाकडून मान्य करून घेतले. परंतु ती आपल्या अंगी किती लागते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

हळदीतील मुख्य पिवळे द्रव्य करक्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जे थोडे आतड्यातून आत शिरते, त्यास आतड्याची भिंत आणि यकृत दुसऱ्या द्रव्याची जोड देऊन झटपट बाहेर टाकतात. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिले, तेव्हा ते रक्तात सापडले नाही किंवा अत्यल्प सापडले. मग त्याच मात्रेबरोबर मिऱ्यातील पायपरिन हे द्रव्य केवळ २० मिलिग्रॅम दिले. तो करक्युमिनची जैवउपलब्धता शेकडा २,००० ने वाढली! मिऱ्याने नवे काही दिले नाही. बाहेर टाकणाऱ्या पहारेकऱ्यास तेवढे गुंतवून ठेवले.

आयुर्वेदात सुंठ, मिरे आणि पिंपळी यांच्या मिश्रणास त्रिकटु म्हणतात आणि ते असंख्य औषधांत घालतात. औषध मधातून, तुपातून की दुधातून घ्यावे, यासही तेथे अनुपान म्हणून स्वतंत्र महत्त्व आहे. या संकेताचा मागोवा जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात घेतला आणि पायपरिन इतर औषधांचेही शोषण वाढविते, हे पुढे आणले. त्यातूनच २००९ मध्ये भारतात क्षयरोगावरील असे एक औषध आले, की ज्यात रिफाम्पिसिनची नेहमीची ४५० मिलिग्रॅमची मात्रा २०० पर्यंत उतरवून तिला १० मिलिग्रॅम पायपरिनची जोड दिली होती.

येथवर ऐकून कोणाच्याही मनात येईल की, मग मिरेयुक्त हळदीच्या गोळ्या आणून घरातील सर्वांस द्याव्यात! बंधुभगिनींनो, नेमके येथेच मला आपणांस हात जोडून थांबवावयाचे आहे. जी युक्ती द्रव्यास आत नेते, ती त्याचा चांगला गुणही वाढविते आणि वाईटही. बाजारात आज लेसिथिनशी बांधलेले, अतिसूक्ष्म कणांत विरघळविलेले, नाना तऱ्हांचे करक्युमिन मिळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात अशा एका सूक्ष्म द्रवरूप प्रकाराचे शोषण साध्या करक्युमिनच्या १८५ पट आढळले. हे अन्न राहिले नाही, हे औषध झाले. आणि औषधास मात्रा असते, पथ्य असते, अपायही असतो.

थोडा हिशेब करू. वरणात आपण चिमूटभर हळद टाकतो. ती अर्धा ग्रॅम धरली आणि तीत शेकडा ३ करक्युमिन धरले, तर १५ मिलिग्रॅम झाले. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये अशा तेहतीस चिमटी झाल्या. शिवाय पायपरिनमुळे शोषण कित्येक पट वाढलेले! आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे हळद खाल्ली आणि त्यांस काही झाले नाही, हा दाखला वरणाला लागू पडतो. कॅप्सूलला लागू पडत नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृतास इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या तपासलेल्या सात पूरकांपैकी तिनांत मिऱ्याचे द्रव्य आढळले, आणि एक रुग्ण दगावला. त्याच वर्षी इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने अशा पूरकांवर सावधानतेची सूचना छापणे बंधनकारक केले. असे प्रसंग विरळा असतात, हे खरे. परंतु ज्या घरात घडतो, त्या घरास तो विरळा नसतो.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. पायपरिन जो पहारेकरी गुंतवून ठेवते, तोच इतर औषधांवरही पहारा करीत असतो. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलोल आणि दम्यावरील थिओफिलिन यांचे रक्तातील प्रमाण पायपरिनमुळे वाढल्याचे १९९१ मध्येच दिसून आले आहे. आपल्या घरांत साठीच्या पुढील बहुतेक मंडळी कोणते ना कोणते औषध रोज घेतात. त्यांनी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून अशी पूरके सुरू करू नयेत, आणि केलीच असतील तर डॉक्टरांपासून लपवू नयेत. 'ते काय, नुसती हळदच तर आहे' असे म्हणून पुष्कळजण ही गोष्ट सांगतच नाहीत. भाजीतील मिऱ्याची किंवा वरणातील हळदीची मात्र भीती बाळगण्याचे कारण नाही. मी बोलतो आहे ते मोठ्या मात्रेच्या अर्काविषयी.

आता समारोप. संमेलनात ठराव पुष्कळ होतात. मी ठराव मांडीत नाही, तीन विनंत्या करतो. पहिली, आपल्या कार्यातील पंगतीत आणि आपली मुले-मुली राहतात त्या वसतिगृहांच्या भोजनात लिंबाची फोड, पेरू, आवळा वा संत्रे यांपैकी एक तरी असावे, आणि चहा जेवणानंतर निदान तासाभराने, जमल्यास त्याहूनही उशिरा मिळावा. दुसरी, ज्या घरात गर्भवती सून वा वयात आलेली मुलगी लोहाची गोळी घेत आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी गोळी घेतली का, एवढेच न विचारता ती कशाबरोबर घेतली, हेही प्रेमाने विचारावे. तिसरी, अंगी लागण्याची हमी देणारी महागडी डबी विकत घेण्यापूर्वी तेवढ्याच पैशांत वर्षभर किती लिंबे, किती पेरू, किती मोड आलेली कडधान्ये येतील, याचा हिशेब एकवार करावा.

माझी नात आज सात वर्षांची आहे. परवा तिने जेवताना माझ्या पानातील लिंबाची फोड उचलून माझ्याच वरणावर पिळली आणि म्हणाली, 'आजोबा, विसरलात!' त्या दिवशीच्या रिकाम्या पाकिटांची तिला काहीच कल्पना नाही. तिच्या आईने मात्र माझ्याकडे पाहून हळूच हसून घेतले. माझी चूक तिने केव्हाच पोटात घातली आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी ती चूक होत असेल, तर आजच्या संध्याकाळपासून ती थांबावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो.